बिऱ्हाड वाहणारी घोडी



ज्यांच्या स्मरणासाठी आपण दर वर्षी इथं जमतो, ते गुरुजी आम्हाला भूगोल शिकवायचे. नकाशा काढायला बसलो की सांगायचे, आधी पाणी काढा. आधी नदी, मग डोंगर, मग गाव. मी पुढं पशुवैद्य झालो आणि नकाशांशी संबंध सुटला, पण ती सवय राहिली. म्हणून आज एका घोडीविषयी बोलायला उभा आहे तरी सुरुवात नदीपासून करतो.

भीमा भीमाशंकरला उगवते. तिथं पाऊस धो धो. ती घाटमाथा सोडून पूर्वेला वळते आणि बघता बघता पाऊस तिची साथ सोडतो. दौंड, बारामती, इंदापूर या पट्ट्यात वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बेभरवशाचा. नीरा तिला नरसिंहपूरला येऊन मिळते. या दोन नद्यांच्या मधला आणि भोवतीचा माळ म्हणजे भीमथडी. थडी म्हणजे काठ. गोदेची ती गंगथडी, तशी भीमेची भीमथडी. इंग्रजांच्या काळात पुणे जिल्ह्यात या नावाचा तालुकाच होता. 1875 साली सावकारांच्या विरोधात शेतकरी उठले, ते सुपं याच तालुक्यातलं. पुढं तालुक्याचं नाव गेलं आणि भीमथडी हा शब्द लोकांच्या तोंडी राहिला तो घोड्यामुळं.

राजा बढे यांचं गीत आपण सगळे उभं राहून म्हणतो. शाहीर साबळ्यांच्या आवाजात ते घराघरात गेलं आणि 2023 च्या शिवजयंतीपासून ते आपलं राज्यगीत आहे. त्यात भीमथडीच्या तट्टांचा उल्लेख आहे हे इथल्या शाळकरी मुलालाही माहीत आहे. पण मी गेली पंधरा-वीस वर्षं जिथं जातो तिथं एक प्रश्न विचारतो: यातलं एक तरी तट्टू तुम्ही पाहिलंय का? शिक्षकांना विचारलं, पुढाऱ्यांना विचारलं, इतिहासाच्या अभ्यासकांना विचारलं. बहुतेकांना वाटतं की ती जात पेशवाईबरोबर संपली. खरं तर दिवाळीनंतर पुण्याहून साताऱ्याकडं किंवा कोकणाकडं जाणाऱ्या कुठल्याही रस्त्यानं निघालात, तर ती तुमच्या गाडीच्या खिडकीला घासून गेलेली असते. मेंढरांचा कळप जाईपर्यंत आपण हॉर्न वाजवत थांबतो ना, त्याच्या मागं किंवा पुढं बाया चालत असतात आणि त्यांच्या हातात कासरे असतात. त्या कासऱ्यांना बांधलेली, पाठीवर संसार घेतलेली ती बुटकी घोडी म्हणजेच भीमथडी.

माझी तिची ओळख 1984 साली झाली. नोकरी नवी होती, इंदापूर तालुक्यातला एक दवाखाना माझ्याकडं होता. एका सकाळी साठीच्या आसपासची एक धनगर बाई घोडी घेऊन दारात आली. तांबूस रंगाची, कपाळावर चांदणी असलेली घोडी. पाठीच्या उंचवट्यावर तळहाताएवढी जखम. ओझ्याखाली पाठ सोलली होती आणि आत पू झाला होता. मी जखम धुतली, औषध भरलं आणि पुस्तकात वाचलं होतं तसं सांगितलं, महिनाभर हिच्यावर ओझं टाकायचं नाही.

बाईनं माझ्याकडं शांतपणे पाहिलं. म्हणाली, "डाक्तर, घोडी बसली तर वाडा कसा हलायचा?"

वाडा म्हणजे चिरेबंदी घर नव्हे, हे मला तेव्हा कळलं. चार-पाच कुटुंबं, त्यांची मेंढरं, कुत्री, कोंबड्या आणि घोड्या मिळून जो मुक्काम पडतो तो वाडा. रोज सकाळी तो उठतो आणि संध्याकाळी दुसऱ्या रानात पडतो. महिनाभराची विश्रांती मी गोठ्यातल्या जनावराला सांगतो तशी सांगितली होती. बाईनं मग स्वतःच तोड काढली. जुनं घोंगडं घेतलं, त्याच्या चार घड्या घातल्या आणि जखमेच्या जागी मधोमध गोल भोक पाडलं. ओझ्याचा भार कडेच्या मांसावर आला, हाडावरची जखम मोकळी राहिली. तीन आठवड्यांनी मी मुद्दाम शोधत शोधत त्यांच्या मुक्कामावर गेलो, तेव्हा जखम भरत आली होती आणि घोडी एक दिवसही थांबली नव्हती. त्या दिवसापासून मी त्या बाईला मावशी म्हणायला लागलो. या जातीविषयी मला जे ठाऊक आहे त्यातलं निम्मं तरी मावशीकडून आलेलं आहे.

आता ही घोडी दिसते कशी ते सांगतो. खांद्यापाशी उंची चार-सव्वाचार फूट. मारवाडी घोड्यासारखी कमानदार मान नाही, टोकाशी जुळणारे कान नाहीत. डोकं अंगाच्या मानानं जरा मोठं, मान आखूड, छाती भरलेली, पाठ आखूड आणि सरळ, पाय बारीक पण हाड घट्ट. खूर लहान आणि कडक. मावशीच्या वाड्यातल्या घोड्यांना नाल नव्हते. माळावरच्या मुरुमात, खडकात आयुष्यभर चालून ते खूर आपोआप झिजायचे आणि आपोआप घडायचे. पांढऱ्या, तांबड्या, काळपट, अबलख, सगळ्या रंगांच्या घोड्या असतात. देखणेपणाच्या स्पर्धेत ही घोडी कुठंच बसणार नाही. अकलूजच्या घोडेबाजारात, सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत, माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत मी फिरलो आहे. तिथं उंच, चमकत्या अंगाच्या घोड्यांभोवती गर्दी असते. ही कडेला खुंटीला बांधलेली असते आणि तिची किंमत विचारायला येतो तो दुसरा धनगरच.

पण तिच्यावर चढवलेलं ओझं एकदा मोजून बघा. सगळ्यांत खाली घोंगड्याच्या घड्या. दोन्ही अंगांना सारख्या वजनाच्या गोण्या, त्यात बाजरीचं पीठ, धान्य, मीठ-मिरची, भांडीकुंडी. त्यावर गुंडाळलेली वाघर, म्हणजे रात्री मेंढरं कोंडायची जाळी. त्यावर गोधड्या. बाजूला कोंबड्यांचं डालगं. कालच जन्मलेली आणि अजून कळपाबरोबर लांब चालू न शकणारी कोकरं झोळीत, नुसती तोंडं बाहेर काढून. आणि सगळ्यांच्या वर, दोरीला धरून बसलेलं दोन-तीन वर्षांचं पोर. अलीकडं त्यात मोबाईल चार्ज करायला सौर पत्राही आडवा बांधलेला दिसतो. हे सगळं लादायला मावशीला आणि तिच्या सुनेला पंधरा मिनिटं लागत. दोघी दोन अंगांना उभ्या राहायच्या आणि एकाच वेळी उचलायच्या. कुठल्या बाजूला भार जास्त झाला हे त्या गोणी न तोलता घोडीच्या कानांवरून सांगायच्या. मेंढरं पुरुषांची, घोडी बायांची, अशी त्या वाड्यातली वाटणी होती. गडी कळप घेऊन चरायच्या वाटेनं जायचे, बाया घोड्या घेऊन सरळ वाटेनं पुढच्या मुक्कामाला पोचायच्या, चूल मांडायच्या. घोडीचं दुखणं, तिचं गाभण राहणं, तिचा स्वभाव, तिची आई-आजी कुठल्या वाड्यातून आली, हे सगळं बायांच्या डोक्यात. भीमथडीची वंशावळ लिहून ठेवलेली वही कुठं असेल तर ती तिथं आहे.

इथं कुणालाही प्रश्न पडेल की या कामाला बैल का नाही? मलाही पडला होता. त्याचं उत्तर पोटात आहे. बैल रवंथ करतो. त्यानं भराभर गवत ओरबाडलं तरी नंतर त्याला कित्येक तास निवांतपणे ते पुन्हा चघळावं लागतं, नाहीतर त्याच्या अंगी लागत नाही. रोज दहा-पंधरा किलोमीटर हलणाऱ्या बिऱ्हाडाला ती उसंत नसते. घोडा रवंथ करत नाही. त्याचं जठर लहान आणि मागचं आतडं मोठं. तिथं सूक्ष्मजीव गवताचे धागे कुजवून त्यातून शक्ती काढून देतात. अन्न बैलाइतकं पुरतं पचत नाही हे खरं, पण घोडा थोडं थोडं, सतत, दिवसातले चौदा-सोळा तास खात राहतो, चालता चालताही खातो. म्हणून वाटेकडेचं वाळकं कुसळी गवत, जे बैलाला दोन तास बसून पचवावं लागलं असतं, ते ही घोडी चालता चालता ओढून घेते आणि त्यावर जगते. मोठ्या अंगाच्या घोड्याला तेवढ्यावर भागत नाही. त्याला दाणा लागतो, हरभऱ्याची चंदी लागते. लहान अंग म्हणजे लहान भूक. जिथं पाऊस पाचशे मिलिमीटर आणि दर काही वर्षांनी दुष्काळ, तिथं उंच घोडी पहिल्याच दुष्काळात बसली असती. माळानंच हिला बुटकी ठेवली.

दाणा मिळाला तर तो हुलग्याचा. आपल्याकडं हुलग्याचं माडगं माणसं पितात आणि तेच हुलगे शिजवून घोड्याला घालतात. मावशीच्या वाड्यात एकाच भगुल्यात हे दोन्ही होताना मी पाहिलंय. विताना आणि व्यायल्यावर महिनाभर घोडीला तो खुराक मिळायचा, एरवी तिचं तिनं शोधायचं.

एवढं सांगितल्यावर इतिहासाकडं येतो, कारण तो टाळून हे व्याख्यान पुरं होणार नाही. पण एक गोष्ट आधी स्वच्छ सांगतो. मराठ्यांचे सगळे घोडे भीमथडी होते असं म्हणायची अलीकडं पद्धत पडली आहे. ते मला पटत नाही. सरदारांकडं अरबी, इराणी, काठियावाडी, मिळेल तिथून घेतलेले घोडे होते. दख्खनमध्ये समुद्रमार्गे अरबी घोडे शतकानुशतकं येत होते. बहमनी सुलतान आणि विजयनगरचे राजे त्यावर अफाट पैसा खर्च करत. पोर्तुगीजांनी गोवा घेतला त्यामागं या घोड्यांच्या व्यापारावर ताबा मिळवण्याची ओढ होती. चौल, दाभोळ, गोवा या बंदरांतून घाट चढून आलेलं ते रक्त इथल्या लहान तट्टांत मिसळत गेलं. म्हणून भीमथडीला शुद्ध स्थानिक म्हणणं चूक आणि परकी म्हणणंही चूक. इथल्या माळानं गाळून ठेवलेली ती जात आहे.

आणि साध्या शिलेदाराकडं, जो स्वतःचा घोडा घेऊन फौजेत यायचा, त्याच्याकडं हीच असणार, कारण त्याला परवडणारी हीच होती. मलिक अंबरानं सतराव्या शतकाच्या आरंभी मोगलांशी जी लढाई चालवली ती जड फौजेशी समोरासमोर नव्हती. रसद तोडायची, कडेनं झोडपायचं, रात्रीत वीस कोस निघून जायचं. त्यात लढणारे मराठे स्वार हलक्या घोड्यांवर होते. अशा लढाईला घोडा उंच नको, दाणा कमी खाणारा, चढण चढणारा आणि उपाशी राहूनही दुसऱ्या दिवशी उठणारा हवा. आत्ताच जी घोडी मी तुम्हाला दाखवली तीच ही.

सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या पागेची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, अशी वर चढत जाणारी. इतिहासाच्या पुस्तकांत एवढंच येतं. मला त्यातला दुसरा तपशील मोलाचा वाटतो: दर पंचवीस घोड्यांमागं एक पखालजी आणि एक नालबंद. म्हणजे तलवारीच्या आधी पाण्याची आणि खुराची सोय. चिपळूणजवळ छावणी केलेल्या स्वारांच्या अधिकाऱ्यांना महाराजांनी लिहिलेलं 1670 च्या दशकातलं एक पत्र प्रसिद्ध आहे. रयतेच्या गवताच्या काडीलाही हात लावू नका, हा त्यातला भाग आपण भाषणांतून ऐकतो. पण पशुवैद्य म्हणून मी ते पत्र पुन्हा पुन्हा वाचलं आहे, कारण त्याचा गाभा चाऱ्याचा हिशेब आहे. साठवलेला दाणा-वैरण आत्ता मनमानी उधळलात तर पावसाळ्यात मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असं होईल, असं त्यात बजावलं आहे. गवताच्या गंजीजवळ चुली पेटवणाऱ्यांची, रात्री दिवा तसाच ठेवून झोपणाऱ्यांची, उंदीर पेटती वात ओढून नेईल याचीही काळजी त्यात आहे. घोडा वाचतो तो वैरणीमुळं, हे ज्यानं जवळून पाहिलंय त्याचंच ते पत्र आहे.

याच्यापुढं मी जे सांगणार आहे ते कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही, मेंढरांमागं चालताना सुचलेलं आहे. मराठ्यांची फौज दसऱ्याला सीमोल्लंघन करून मुलुखगिरीला निघायची आणि पावसाळ्यापूर्वी घरी परतायची. का? नद्यांना पूर असतो, वाटा चिखलात जातात, शेतीची कामं असतात, हे सगळं खरं. आता धनगराचं वर्ष बघा. पावसाळ्याचे महिने भीमथडीच्या माळावर, कारण तेव्हा तिथं पवन्या, मारवेल, कुसळी गवत हिरवं असतं आणि कोकणातल्या ओल्या हवेत मेंढराचे पाय कुजतात. दसरा-दिवाळी झाली, माळ वाळला, की वाडे हलतात. काही घाट उतरून कोकणात जातात, काही देशावरच बागायतीकडं सरकतात. पुन्हा रोहिणी-मृगाच्या आधी माळावर. फौजेचं पंचांग आणि वाड्याचं पंचांग एकच आहे. दोघांनाही ते गवतानं आखून दिलं. फौजा उठून गेल्या दोनशे वर्षं झाली. ते पंचांग अजून चालू आहे आणि ते पाळणारी घोडीही तीच आहे. म्हणून मला वाटतं की भीमथडी टिकली ती पराक्रमाच्या आठवणीनं नाही. पागा मोडल्या, संस्थानं गेली, लष्कराला घोडा नको झाला, तरी एका मेंढपाळ कुटुंबाला रोज सकाळी बिऱ्हाड उचलायचं होतं. पागा उरल्या त्या गावांच्या नावांत, शिरूर तालुक्यातल्या आलेगाव पागासारख्या. घोडी उरली धनगर बाईच्या हातात.

आपल्या भाषेनंही घोड्याचं पुष्कळ ठेवलंय, पण घोडा गेल्यावर शब्द पोकळ झाले. एखाद्या गोष्टीला पायबंद घातला असं आपण रोज वर्तमानपत्रात वाचतो. पायबंद म्हणजे घोड्याच्या पायाला बांधायची दोरी, हे मी मावशीच्या मुक्कामावर पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. संध्याकाळी ओझं उतरलं की ती घोडीच्या पुढच्या दोन पायांत सैल दोरी अडकवायची. घोडीला चरता येतं, पण लांब जाता येत नाही. खोगीरभरती, चौखूर उधळणं, दावणीला बांधणं, लगाम, रपेट, सगळे त्याच कुळातले. आणि तट्टू? भाड्याचं तट्टू म्हणून आपण एखाद्याची नालस्ती करतो. ज्या जनावराला राज्यगीतात मान दिला त्याचंच नाव शिवीसारखं वापरतो, याचं मला वाईट वाटतं.

आता गेल्या काही वर्षांतली चांगली बातमी. कर्नाल इथं राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरो आहे. देशातल्या जनावरांच्या जातींची अधिकृत नोंद तिथं होते. घोड्यांच्या जाती तिथं सात होत्या: मारवाडी, काठियावाडी, कच्छी-सिंधी, आणि हिमालय-ईशान्येकडच्या स्पिती, झांस्कारी, भुटिया, मणिपुरी. अलीकडंच भीमथडी ही आठवी स्वतंत्र जात म्हणून नोंदली गेली. माझ्या नोकरीच्या काळात रजिस्टरमध्ये या घोडीपुढं जातीच्या रकान्यात गावठी असं लिहावं लागायचं. शेकडो वेळा मी तो शब्द लिहिला आहे आणि दर वेळी हात अडखळला आहे. तो शब्द आता लिहावा लागणार नाही. ज्यांनी यासाठी मोजमापं घेतली, रक्ताचे नमुने गोळा केले, वाड्यामागं वाडे पालथे घातले, त्या सगळ्यांचा मी मनापासून ऋणी आहे.

पण नोंद झाली म्हणजे जात वाचली असं नाही, आणि हे आज या व्यासपीठावरून मला जोरानं सांगायचं आहे. 2012 च्या पशुगणनेत देशात सगळे मिळून सव्वासहा लाखांच्या आसपास घोडे आणि तट्टं होती. 2019 च्या गणनेत ती 3 लाख 40 हजारांवर आली. सात वर्षांत जवळपास निम्मी. मणिपूरच्या तट्टाचं उदाहरण तुमच्यासमोर ठेवतो. आज जगभर जो पोलो खेळतात तो इंग्रजांनी मणिपुरी लोकांच्या सगोल कांगजैवरून उचलला, आणि तो खेळ त्या बुटक्या तट्टावर खेळला जायचा. त्या जातीला मान्यता आहे, प्रसिद्धी आहे, तिच्याशी जोडलेला देव आहे, तिच्या नावानं सरकारी धोरण आहे. तरी 2003 ला एकोणीसशेच्या आसपास असलेली तट्टं 2012 पर्यंत अकराशेवर आली. कारण ती ज्या पाणथळ कुरणांत चरायची ती कुरणं इंफाळ शहरानं खाल्ली. चरायला जागा नाही म्हणून तट्टं शहरातल्या कचऱ्यावर तोंड घालू लागली.

आपल्याकडं काय झालं? उजनी धरण 1980 साली पुरं झालं. मी इंदापूरला गेलो तेव्हा पाणी नवं नवं पसरलेलं होतं. पळसदेवचं जुनं देऊळ पाण्यात उभं होतं. त्या पाण्यानं लाखो लोकांच्या शेतीला जीव दिला, त्याला मी वाईट म्हणणार नाही. पण बुडालं काय? भीमेचा काठ. जिच्यावरून भीमथडी हे नाव पडलं ती थडीच कित्येक मैल पाण्याखाली गेली. मग पाणी आलं तिथं ऊस आला. उसात मेंढरू शिरत नाही. उरलेल्या माळावर कारखाने, प्लॉट, सौर प्रकल्प आले. सरकारी कागदांत माळरानाला पडीक जमीन म्हणतात. ज्या जमिनीवर मेंढी, घोडी, लांडगा, चिंकारा, माळढोक जगले ती पडीक कशी? इंदापुरात कडबनवाडीसारखा एखादा गवताळ तुकडा राखला गेला, तिथं गेलात तर मूळचा माळ कसा होता याची कल्पना येते. पण अशा तुकड्यातून वाडा जाऊ शकत नाही. त्याला सलग वाट लागते.

वाट हा या सगळ्यातला सगळ्यांत नाजूक भाग. घाटांतले रस्ते चौपदरी झाले, मधे दुभाजक आले. वाड्याला रस्ता ओलांडायचा तर ट्रक थांबत नाहीत. मी स्वतः दोनदा महामार्गावर पाय मोडलेल्या घोडीला शेवटचं इंजेक्शन दिलं आहे. दुसऱ्या वेळी ती गाभण होती. त्यानंतर त्या कुटुंबानं घोड्या विकल्या आणि एक जुना टेम्पो घेतला. मी त्यांना कुठल्या तोंडानं दोष देऊ? टेम्पोनं पोरांची शाळा थोडी जवळ आली, म्हातारीला चालावं लागत नाही. पण एकेका वाड्यातून घोडी गेली की तिच्याबरोबर एक नर जातो, एक वंश जातो आणि लादण्याचं ते पंधरा मिनिटांचं कसब जातं. दुसरीकडं कुणी हौशी माणूस लग्नाच्या वरातीत चालेल अशी उंची हवी म्हणून भीमथडीच्या घोडीवर मारवाडी नर चढवतो. शिंगरू उंच होतं, देखणं होतं, आणि माळावरच्या गवतावर उपाशी राहतं.

मग काय करावं? मला विचाराल तर सरकारी पागेत शंभर घोड्या बांधून ठेवणं हा उपाय नाही, तो शेवटचा आसरा आहे. बांधलेल्या घोडीचे खूर मऊ पडतात आणि चार पिढ्यांनी ती भीमथडी राहत नाही. चालणाऱ्या वाड्यांना घोडी ठेवणं परवडलं पाहिजे. दुधाच्या गाईला विमा मिळतो, बिऱ्हाड वाहणाऱ्या घोडीला मिळवायला आजही झगडावं लागतं. धनुर्वाताची लस मुक्कामावर जाऊन टोचली पाहिजे, कारण घोडा धनुर्वाताला फार लवकर बळी पडतो आणि खिळ्या-काट्यांच्या वाटेनं चालणाऱ्या घोडीला तो धोका रोजचा. चांगल्या नरांची नोंद ठेवून ते वाड्यावाड्यांत फिरवले पाहिजेत, म्हणजे भावा-बहिणीच्या रक्तात संकर होणार नाही. आणि दरवर्षीच्या वाटांचा नकाशा करून तेवढ्या वाटा, तेवढे मुक्कामाचे माळ राखले पाहिजेत. गुरुजी असते तर म्हणाले असते, आधी पाणी काढा. मी म्हणतो, या नकाशात आधी पाणवठे काढा. धनगराला विचारा, तो प्रत्येक पाणवठा बोट दाखवून सांगेल. शेतकऱ्यांनाही एक विनंती आहे. रानात मेंढरं बसवलीत की खत मिळतं म्हणून तुम्ही त्यांना बोलावता. मग घोडीनं बांधावरच्या चार काड्या खाल्ल्या तर दगड उगारू नका.

मावशी आता नाही. तिची सून घोड्या सांभाळते, आणि सुनेची मुलगी आता माझ्याशी फोनवर बोलते. दोन वर्षांपूर्वी कार्तिकात तिचा रात्री दहाला फोन आला. वाडा नीरेच्या अलीकडं मुक्कामाला होता आणि घोडी अडली होती. मी पोचलो तेव्हा पावणेबारा वाजले होते. त्याच चांदणीच्या घोडीची पणती होती ती, कपाळावर तसाच ठिपका. शिंगराचा एक पाय मागं दुमडला होता. मोबाईलच्या उजेडात, तेल लावलेल्या हातानं तो सरळ करायला अर्धा तास लागला. नंतर घोडीनं दोन जोराच्या कळा दिल्या आणि शिंगरू गवतावर आलं. मादी होती. आजीनं शिकवलेल्या रीतीनं मुलीनं तिचं नाक पुसलं, घोंगड्यानं अंग चोळलं. पाऊण तासात शिंगरू चार वेळा पडलं आणि पाचव्यांदा उभं राहिलं. आईच्या आचळाला लागलं.

मी म्हटलं, उद्याचा दिवस वाडा हलवू नका. सून हसली, म्हणाली, "भाऊ, कळप पुढं गेलाय. सकाळी हळूहळू निघू."

सकाळी सात वाजता त्या निघाल्या. व्यालेल्या घोडीवर ओझं नव्हतं, ते दुसऱ्या दोघींवर वाटून लादलं होतं. शिंगरू आईच्या डाव्या अंगाला, पोटाशी चिकटून चाललं होतं. पुलावर आल्यावर खालचं पाणी पाहून ते थबकलं. मुलगी मागं आली, तिनं त्याला उचललं नाही, नुसता हात पाठीवर ठेवला. मागून एक ट्रक येऊन उभा राहिला होता. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला नाही. शिंगरानं पाय पुढं टाकला.